फोन पोराच्या खिशात, आजी न्हाणीत

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘स्मार्टफोन आणि ज्येष्ठांची सुरक्षितता’. मी बोलणार आहे उठण्याबसण्यावर. संयोजकांना माझी सवय आहे, तुम्हीही लावून घ्या. (हशा)

म्हातारपणी हाडं का ठिसूळ होतात, मोतीबिंदूनं पायरी कशी चुकते, रक्तदाबाच्या गोळीनं उठताना अंधारी का येते, हे मलकापूरकरांना मी काय सांगू? प्रत्येक घरात एक कमरेचा पट्टा आणि एक काठी आहेच. एवढंच लक्षात ठेवा: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं पडल्यामुळे जगात वर्षाला ६ लाख ८४ हजार माणसं दगावतात, आणि त्यात साठीपुढची सर्वाधिक.

आता फोन. त्याच्या पोटात हालचाल मोजणारा बारीकसा भाग असतो. त्यावरून पावलं मोजली जातात, चाल डळमळते का तेही कळतं. अ‍ॅपलनं २०१८ साली मनगटी घड्याळात पडल्याची खूण ओळखणारी सोय आणली. माणूस हलला नाही तर घड्याळ स्वतःच मदतीला फोन लावतं. एकट्या राहणाऱ्याला ती मोलाचीच. पण खुबा मोडल्यावर निरोप जाणार, म्हणजे बैल गेला अन् झोपा केला! २०२१ साली आयफोनमध्ये चालीची स्थिरता सांगणारी सोय आली. अट एकच, फोन कमरेजवळ, खिशात हवा. नऊवारीला खिसा नसतो, हे अमेरिकेत कुणी कळवलेलं दिसत नाही. (हशा)

यावरून एक गोष्ट, दोनच मिनिटं. आंबा गावाच्या बाजूला एका वाडीत एक आजी आहेत. मुलगा मुंबईला. त्यानं आईला फोन दिला, पावलांचं अ‍ॅप घातलं, आकडे तिकडे त्याला दिसायचे. रोज आठ-नऊ हजार पावलं! पोरगा खूश, सगळ्या चाळीला सांगत सुटला. सुट्टीत आला तर आई भिंत धरून चालतेय. विचारलं तर म्हणाली, “म्या कुठली चालतीया? फोन न्हेतंय की तुझं पोरगं, कबड्डीला.” (मोठा हशा) थांबा, पुढचं ऐका. मी आजींना पाटावरून उठायला सांगितलं. एक हात गुडघ्यावर, दुसरा चुलीच्या कट्ट्यावर. दोनदा उचलल्या, दोनदा बसल्या, तिसऱ्यांदा उठल्या. न्हाणीत कट्टा नाही. तिथं ओला दगड आणि बादलीचा काठ. ही बाई पडणार कुठं, हे सांगायला कुठलं अ‍ॅप लागतं?

मागच्या रांगेतले गुरुजी मान हलवताहेत. नाही, मी यंत्राच्या विरोधात नाही! उलट फोनकडून मला जास्त काम हवंय. सिडनीच्या संशोधकांनी सत्तरीपुढच्या ५०३ जणांवर एक प्रयोग केला. त्यातल्या निम्म्यांना टॅब्लेटवरच्या अ‍ॅपमधून घरच्या घरी तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले, आठवड्याला दोन तास. निष्कर्ष २०२१ साली छापून आले. पहिल्या वर्षअखेर पडण्याच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. दोन वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा ते १६ टक्क्यांनी कमी भरलं. म्हणून म्हणतो, फोनला पहारेकरी करू नका, तालमीतला वस्ताद करा. मुंबईच्या पोरांनो, “जेवलीस का?” विचारता ना व्हिडिओ कॉलवर? तसंच म्हणा, “आई, माझ्यासमोर पाच वेळा ऊठबस कर.”

चिठ्ठी आली... पाच मिनिटं. न्हाणीतल्या दांड्याचं, चष्म्याचं, झोपेच्या गोळीचं सगळं राहिलं. बरं, एक चाचणी सांगतो. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. फोनवर सेकंद मोजा, शेजारी कुणीतरी उभं राहा. बारा किंवा जास्त लागले तर डॉक्टरांना दाखवा. आणि रात्री उठताना फोनची बॅटरी लावा, मला विचाराल तर फोनमधली सगळ्यात उपयोगी सोय तीच! महिन्याभरात पाऊस लागेल, अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरेल. त्याआधी न्हाणीत दांडा बसवून घ्या, गवंडी नंतर मिळत नाही.

आता प्रश्न. विचारायला उठाल तेव्हा खुर्चीच्या हातांना धरू नका. ज्यांना धरावंच लागेल त्यांनी धरूनच उठा, आणि जाताना मला भेटल्याशिवाय जाऊ नका.