वॉर्डात बसायला शिकवताना



मुंबईत दिंडोशीच्या या डोंगरउतारावर नागरी निवारा वसाहतीची सहा हजारांवर घरं उभी राहिली. त्यामागे समाजवादी नेत्या मृणालताई गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किती वर्षं झुंज दिली, हे इथे राहणाऱ्यांना मी सांगायला नको. मृणालताईंच्या आयुष्यातली एक हकीकत मात्र माझ्या विषयाला थेट भिडते. आणीबाणीत त्या तुरुंगात होत्या तेव्हा त्यांच्या शेजारच्या कोठडीत एक मनोरुग्ण स्त्री होती. तिच्या अंगावर बहुतेक वेळ कपडे नसत आणि ती किंचाळत असे. मृणालताईंना सरकारने किती छळलं, याचा दाखला म्हणून ही हकीकत सांगितली जाते, आणि ते बरोबरच आहे. पण मी पेशाने परिचारिका. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून मला एकच प्रश्न पडत आला आहे : ती बाई तिथे का होती?

त्या काळी १९१२ चा ल्यूनसी कायदा लागू होता. काहीही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवण्याची पद्धत आपल्या देशात होती, आणि ती घटनाबाह्य आहे असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्वाळा यायला १९९३ साल उजाडलं. तो खटला नेटाने चालवला मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी. म्हणजे मी या क्षेत्रात आले तेव्हा आजारी माणसाची जागा दवाखान्यात आहे, कोठडीत नाही, एवढीसुद्धा गोष्ट ठरलेली नव्हती.

मी पस्तीस वर्षं मानसिक आरोग्य परिचर्या शिकवली. वर्गात शिकवली, त्याहून जास्त वॉर्डात शिकवली. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना हा विषय सक्तीचा आहे. इंजेक्शन, ड्रेसिंग हे सगळं शिकून झालं की त्यांचं मनोरुग्णालयात पोस्टिंग लागतं. आपल्या राज्यात अशी चार जुनी प्रादेशिक रुग्णालयं आहेत : ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. ठाण्याचं १९०१ सालचं. तिथे १,८५० खाटा, येरवड्याला २,५४०. मुंबईत कुणाची थट्टा करायची तर ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणतात, पुण्यात ‘येरवड्याला’. माझ्या विद्यार्थिनी लहानपणापासून हेच ऐकत आलेल्या. त्यामुळे पोस्टिंगच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर कुणी झोपत नसे.

सकाळी फाटकाशी मी त्यांना थांबवायची. गळ्यातली चेन काढा, पिना काढा, ओळखपत्राची दोरी गळ्यात नको, खिशात कात्री नको. हे ऐकून त्या आणखी घाबरत. मग मी सांगायची की वॉर्डातली कात्री मोजून ठेवतात ती बहुधा रुग्णाने स्वतःला इजा करू नये म्हणून; तुमच्यावर कुणी धावून येईल म्हणून नव्हे. आत गेल्यावर पहिल्या तासात सगळ्या भिंतीला पाठ लावून उभ्या. दुसऱ्या तासाला एखादी रुग्ण येऊन विचारायची, ‘कुठल्या गं तुम्ही पोरी?’ भीती जायला तिथून सुरुवात होई.

खरी अडचण त्यापुढे असते. नर्सला हातांना काम लागतं. तापमान घे, सलाईन लाव, चादर बदल. इथे मी म्हणायची, ‘हिच्या शेजारी अर्धा तास बस.’ बसून काय करू, बाई? ‘बस.’ श्रोतेहो, पदव्युत्तर वर्गातल्या मोठमोठ्या मुलींनाही हे जमत नाही. गप्प बसलेल्या माणसाशेजारी आपणही गप्प, पण लक्ष देऊन बसणं हे शिकावं लागतं, आणि ते शिकवता येतं.

हे शिकवण्याची रीत ज्या बाईने घालून दिली तिचं नाव हिल्डेगार्ड पेपलाव. अमेरिकन परिचारिका. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हेच उपचाराचं साधन आहे, असं सांगणारं तिचं पुस्तक १९४८ मध्येच लिहून झालं होतं. डॉक्टरचं नाव सोबत नसताना नर्सने पुस्तक काढायचं, हे प्रकाशकांना पचेना. ते छापून आलं १९५२ ला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिलं गेलं आणि जगभरच्या वॉर्डांमधला आरडाओरडा ओसरू लागला. औषधाने माणूस शांत झाला. आता त्याच्याशी बोलायचं कुणी आणि कसं, याचं उत्तर त्याच वर्षी एका नर्सने देऊन ठेवलं होतं. मला हा योग फार मोलाचा वाटतो. गोळी आणि संभाषण यांत श्रेष्ठ काय, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. वॉर्डातल्या नर्सला दोन्ही एकाच ट्रेमध्ये न्यावं लागतं. गोळी दिली की ती गिळली का, हे पाहायला जीभ वर करायला सांगावं लागतं. ते पोलिसासारखं सांगायचं की आईसारखं, यावर तो रुग्ण घरी गेल्यावर औषध चालू ठेवील की नाही हे पुष्कळदा ठरतं.

पेपलाव विद्यार्थिनींकडून संभाषण शब्दशः लिहून घ्यायची. आपल्याकडे त्याला प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणतात. वहीच्या पानावर रकाने पाडायचे : रुग्ण काय बोलली, मी काय बोलले, मला तेव्हा काय वाटलं, मी काय बोलायला हवं होतं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीत चार दिवस एकच ओळ होती : ‘रुग्ण काही बोलली नाही.’ बाकीचे रकाने कोरे. ती रडवेली झाली, केस बदलून द्या म्हणाली. मी दिली नाही. पाचव्या दिवशी ती मुलगी गडबडीत डबा न खाता आली आणि नेहमीसारखी बाकावर जाऊन बसली. कितीतरी महिने कुणाशी न बोललेली ती बाई तिच्याकडे वळून म्हणाली, ‘जेवलीस का?’

तिसऱ्या रकान्यात मुलीने लिहिलं होतं : ‘मला वाटलं, या मला रोज बघत होत्या.’ चौथा रकाना तिने रिकामा सोडला होता. मी तिला पूर्ण गुण दिले.

आता जे चुकलं त्याविषयी बोलते. ही विद्या आपण एका भिंतीआड शिकवतो आणि परीक्षा झाली की तिथेच सोडून येतो. एका मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात मी स्वतः पाहिलेलं सांगते. विषारी औषध घेतलेली विशीतली मुलगी आणली होती. सिस्टर हुशार, हात चपळ. सगळं वेळेवर केलं, पोरगी वाचली. आणि नळी काढता काढता ती तिला म्हणाली, ‘आईबापाला कशाला घोर लावतेस? नाटकं नुसती!’ या सिस्टरने माझ्याच विषयात परीक्षा दिलेली असणार. तो दोष तिचा एकटीचा नाही, आम्हा शिकवणाऱ्यांचाही आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ११५ वं कलम सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि तिची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाचा तो जुना गुन्हाच उरलेला नाही. याच २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही स्वरूपात साखळीने बांधायला बंदी केली, भूल दिल्याशिवाय विजेचे झटके द्यायला बंदी केली. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेली माणसं पळू शकली नाहीत. २८ जण गेले. त्या बातमीचं कात्रण मी दरवर्षी पहिल्या तासाला वर्गात फिरवत असे. कायदा पुढे गेला आहे. कॅज्युअल्टीतली जीभ अजून जुन्या काळात आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य परिचर्या हा तिसऱ्या वर्षाचा एक पेपर म्हणून शिकवणं पुरेसं नाही. बाळंतिणीच्या वॉर्डात, डायलिसिसच्या खुर्चीशेजारी, महापालिकेच्या दवाखान्यात, सगळीकडे ती शिकवली पाहिजे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं. देशातल्या दर शंभर प्रौढांपैकी दहाहून अधिक जणांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना होते. ज्या १२ राज्यांत ते झालं त्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपल्याकडे चित्र फार वेगळं असेल असं मला इतक्या वर्षांच्या अनुभवावरून वाटत नाही. हे सगळे लोक ठाण्याच्या फाटकातून आत येणार नाहीत. ते तुमच्या जिन्यात भेटतात. मुलगा परदेशी गेल्यावर जेवण सोडलेले आजोबा, चित्रनगरीत रात्रपाळ्या करून झोप हरवलेला तरुण, बाळ तीन आठवड्यांचं झालं तरी त्याच्याकडे न पाहणारी सून. त्यांच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही चोवीस तासांची मोफत फोनसेवा आहे. नंबर १४४१६. घरी गेल्यावर तो लिहून ठेवा.

आणि एक विनंती. पस्तीस वर्षांत पालकांनी मला जो प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला तो असा : ‘बाई, हिने या विषयात एम. एस्सी. केली तर हिचं लग्न जमेल का?’ मुलगी बाहेर बाकावर बसलेली असायची, तिला ऐकू जायचं. कितीतरी चांगल्या मुली त्या प्रश्नापायी दुसऱ्या विषयाला गेल्या. इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या घरी नर्सिंग शिकणारी मुलगी असेल आणि तिने हा विषय घ्यायचा म्हटलं, तर तिला अडवू नका. मुलगा असेल तर त्यालाही अडवू नका. पुरुषांच्या वॉर्डात चांगले ब्रदर हवेच असतात.