खांद्याला बसणारी रायफल

रायफल निवडताना नळी आणि पल्ला यांचीच चिकित्सा करणारे पुष्कळ. परंतु दस्त्याच्या टोकापासून घोड्यापर्यंतचे अंतर नेमबाजाच्या बाहूस अनुरूप नसेल, तर उत्कृष्ट हत्यारही परकेच राहते. ब्रिटिश लष्करी खात्याने हे ओळखले होते; म्हणूनच पुढे ईशापूरच्या कारखान्यातही बनू लागलेल्या ली-एन्फील्ड रायफलीचे दस्ते अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकाने लांब, साधारण, आखूड आणि त्याहूनही आखूड अशा मापांत मिळत. दस्ता फाजील लांब असला की तो काखेत अडकतो. आखूड असला की धक्क्यासरशी अंगठा नाकावर आदळतो, आणि हा धडा सहसा दुसऱ्यांदा द्यावा लागत नाही! योग्य मापाच्या दस्त्यावर गाल टेकताच, मान न वाकवता, डोळा नळीच्या टोकावरील माशीच्या रेषेत यावा. माप घेताना मात्र अंगात नेमबाजीचेच कपडे असावेत.