ड्रेस कोणत्या सालचा?

एरवी मी इथे बचत, हप्ते आणि दशसूत्री यांवर बोलते. आज जरा वेगळं. एका शब्दामुळे आमच्या गटाचं साडेसहा हजारांचं कापड कसं अंगावर आलं, ते सांगणार आहे. आणि दुसऱ्या एका शब्दामुळे आमच्या गावातल्या एका आजींना काय उमगलं, तेही.

गेल्या आषाढात तालुक्याच्या गावातल्या एका गणेश मंडळाचा फोन आला. त्यांना सजीव देखावा करायचा होता. विषय आपल्या रायगड जिल्ह्यातलाच, नाईक यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. दुसऱ्या महायुद्धात ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढता लढता त्यांना मरण आलं. वय अवघं बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मंडळाचा मुलगा म्हणाला, "ताई, बारा मिलिटरी ड्रेस पाहिजेत. पट्टे, पिशव्या, सगळं तुमच्याकडेच." मी हो म्हटलं. दर ठरला, तारीख ठरली. गटाच्या निधीतून पैसे उचलले आणि दोघीजणी बाजारात गेलो. दुकानदाराला म्हटलं, "मिलिटरीचं कापड द्या." त्याने हिरव्या-तपकिरी डागांचं कापड पुढे टाकलं. आज मिलिटरी म्हटलं की तेच, पोरांच्या चड्ड्यांपासून रिक्षाच्या सीटपर्यंत. छत्तीस मीटर घेतलं. चार ड्रेस शिवूनही झाले.

मंडळाने तालमीला एका निवृत्त सुभेदार काकांना बोलावलं होतं. त्यांनी आमचा ड्रेस हातात घेतला, उलटापालटा केला. शिलाईला नाव ठेवलं नाही. एवढंच म्हणाले, "पोरी, हे आजच्या जवानाच्या अंगावर शोभेल. चव्वेचाळीस सालच्या मराठा पलटणीच्या अंगावर नाही. तेव्हा साधी खाकी."

खरं सांगते, मला राग आला. गणपतीचा देखावा, पाच मिनिटं उजेड पडणार, कोण एवढं बघतंय? घरी येऊन हेच बडबडत होते. तेव्हा गटातल्या एक काकी म्हणाल्या, "अगं, तू पैठणी मागितलीस आणि दुकानदाराने इरकल दिलं, तर घेशील का? दोन्ही लुगडीच की." यावर मी काय बोलणार?

कापड परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता. चूक त्याची नव्हतीच, आम्ही मागितलं ते त्याने दिलं. मग आम्ही एकेक वस्तू, एकेक शब्द धरून बसलो. आमच्या एका ताईंची मुलगी कॉलेजात आहे. तिने इटलीतल्या भारतीय सैनिकांचे जुने फोटो मोबाइलवर शोधले. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये असे फोटो जपलेले आहेत. पदक का दिलं हे सांगणारा त्या वेळचा सरकारी मजकूरही तिने काढून दिला. बी.ए.ला मला इतिहास होता, पण त्यात ब्रिटिश फौजेच्या पिशव्या नव्हत्या.

गंमत म्हणजे सुभेदार काकाही सगळीकडे बरोबर नव्हते. पोरांच्या हातात एसएलआर द्या म्हणाले. ती रायफल आपल्या फौजेत आली स्वातंत्र्यानंतर बऱ्याच वर्षांनी. काकांनी ती चालवली, म्हणून त्यांच्या तोंडी तीच. आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतात, तसंच. मंडळाच्या मुलांनी तर थर्माकोलची एके-४७ करून ठेवली होती. नावातच सत्तेचाळीस आहे, ती चव्वेचाळीस सालात कुठून येणार?

घाडगे यांच्या हातात होती टॉमीगन. हे नाव नीट घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा प्रसंग त्यावर उभा आहे. त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. त्यांच्याखेरीज तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे मशिनगनवर धावून गेले. आधी ग्रेनेड टाकला, त्यात मशिनगन आणि ती चालवणारा दोन्ही गारद. मग टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा टॉमीगन नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या.

मंडळाच्या संहितेत या जागी लिहिलं होतं, "त्यांची बंदूक बंद पडली." बंद पडणं आणि मॅगझिन बदलायला वेळ न मिळणं, एकच आहे का? एकात दोष बंदुकीचा. दुसऱ्यात बंदूक धड आहे, शत्रू दोन पावलांवर आहे, आणि माणूस थांबत नाही.

संहिता लिहिणाऱ्या गुरुजींचं मराठी फार सुंदर. त्यांनी हेल्मेटला शिरस्त्राण, टॉमीगनला स्वयंचलित अग्निशस्त्र लिहिलं होतं. मी भीतभीतच विचारलं. ते म्हणाले, "शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, शस्त्रांनासुद्धा आपले शब्द दिले." खरं आहे, त्या कोशात शस्त्रांचा वर्गच वेगळा आहे. देखावा महाराजांच्या काळचा असता तर मी गुरुजींच्या बाजूने असते. पण मराठा पलटणीतला १९४४ चा जवान काडतूस म्हणत होता, संगीन म्हणत होता, आणि रायफल, पाऊचही म्हणत होता. कोणी "शिरस्त्राण चढवा!" म्हणून ओरडलं असतं, तर बिचारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले असते. गुरुजी हसले. त्यांनी हेल्मेट केलं, आणि स्वतःच आणखी एक चूक काढली. संहितेत "रायगड जिल्ह्यातला वीर" होतं. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा, रायगड झालं १९८१ साली.

आता आपल्या शिवणकामातलं. नाईकाच्या बाहीवर दोन फिती असतात. आम्ही शोभेसाठी तीन लावल्या होत्या. तीन म्हणजे हवालदार. उसवल्या. पट्टे आम्ही काळ्या रेक्झिनचे करणार होतो. पण त्या वेळचं सामान, त्याला सदतीस पॅटर्न म्हणायचे, ते होतं जाड सुती विणीच्या पट्टीचं. म्हणजे आपली खाटेची निवार! हे कळल्यावर आमच्या बायकांच्या अंगात बळ आलं. निवार आणली, खाकी रंगात बुडवली, झाले पट्टे. छातीवर दोन मोठे पाऊच, ब्रेन गनची मॅगझिनं मावावीत अशा मापाचे. ते लहान शिवले तर देखणे दिसतात, पण चुकीचे.

'पायाला पट्टी' या दोन शब्दांनीही घोळ घातला. पहिल्या महायुद्धात घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लांब पट्टी गुंडाळत. इंग्रजांनी आपलाच पट्टी हा शब्द उचलून पुट्टी केला. दुसऱ्या महायुद्धात बऱ्याच जणांच्या पायात घोट्यापुरते कॅनव्हासचे अँकलेट आले, काहींच्या आखूड पट्ट्या राहिल्या. आम्ही अँकलेट शिवले. असे आपले शब्द त्यांच्या सामानात पुष्कळ. खाकी म्हणजे धुळीच्या रंगाची. छावणीत स्वयंपाकाच्या भांड्याला गोरे सोल्जर डिक्सी म्हणत, ती आपली देगची.

आणि एक शब्द ऐकून आम्ही पोट धरून हसलो. ब्रिटिश फौजेत प्रत्येकाजवळ सुई, दोरा, बटणं ठेवायची एक छोटी कापडी गुंडाळी असे. तिचं नाव हाउसवाइफ! हसून झाल्यावर एक ताई म्हणाल्या, "म्हणजे बटण लावायला तिथे बायको नाही, म्हणून पिशवीला तिचं नाव." ती गुंडाळी देखाव्यात कुणाला दिसणार नव्हती, तरी आम्ही एक शिवलीच.

फौजेच्या यादीत वस्तूचं नाव आधी आणि प्रकार नंतर असतो. "बॉटल, वॉटर." "हेल्मेट, स्टील." आपण किराण्याच्या यादीत "डाळ – तूर, डाळ – मूग" लिहितो तसं. मीही आमची यादी तशीच केली आणि ओटीवर बसून मोठ्याने वाचत होते. शेजारच्या आजी काज लावायला आल्या होत्या. ऐंशी उलटलेल्या. मी वाचलं, "हॅवरसॅक, बारा."

आजींची सुई थांबली. "काय म्हणालीस? हवरसाक?"

त्यांचे वडील त्याच लढाईत इटलीत गेले. आजी तेव्हा दीड वर्षाच्या. निघताना वडिलांनी लेकीच्या पायातला एक वाळा सोबत नेला होता. पुढे पलटणीतला कुणी सोबती गावी आला, त्याने आईला काय सांगितलं कुणास ठाऊक. आई एवढंच म्हणायची, "वाळा हवरसाकात राहिला." आजींना जन्मभर वाटत आलं की हवरसाक हे इटलीतलं गाव. शाळेतल्या नातवाला त्यांनी नकाशात शोधायला लावलं होतं. त्याला कसं सापडावं?

मी शिवलेला हॅवरसॅक त्यांच्या मांडीवर ठेवला. सुमारे अकरा इंच लांब, नऊ इंच उंच. यादीत मी "पाठीवरची पिशवी" लिहिलं असतं, तर आजी काज लावून घरी गेल्या असत्या. त्यांनी आत हात घातला, कोपऱ्यापर्यंत बोटं फिरवली. मग विचारलं, "याला वरून बंद करायला काय होतं गो?" मी फोटो दाखवला. झाकणाला दोन पट्टे, दोन बकलं.

"मग पडला नसेल," आजी म्हणाल्या, आणि पुन्हा काजाला लागल्या.

देखावा झाला. मंडळाने ठरलेले पैसे दिले, डागांच्या कापडाचे अर्थातच दिले नाहीत. त्याच्या बाजारपिशव्या केल्या, चार ड्रेस उसवून तेही त्यातच घातले. निम्मे पैसे सुटले, निम्मे अजून सुटायचे आहेत. आता कुठलाही ऐतिहासिक पोशाख शिवायला घेतला की मी तीन गोष्टी वहीत लिहून घेते: साल कोणतं, पलटण किंवा माणूस कोण, आणि एक तरी त्या काळचा फोटो किंवा चित्र. समोरच्याची सही घेते, निम्मे पैसे आगाऊ घेते, एक नमुना शिवून मंजूर करून घेते आणि मगच बाकीचं कापड आणते.

परवा एका शाळेतून फोन होता, सैनिकांचे वीस ड्रेस हवेत म्हणून. मी विचारलं, कोणत्या सालचे? सर म्हणाले, विचारून सांगतो. अजून फोन आलेला नाही. कापडही आणलेलं नाही.