मंगळवारचा बाजार, नाताळची न्याहारी

आपल्या गावांसारखाच इंग्लंडमधल्या मेल्टन मोब्रेलाही आठवडी बाजाराचा ठरलेला वार आहे, मंगळवार. लेस्टरशायरमधल्या या गावच्या बाजाराची नोंद १०८६ सालच्या 'डूम्सडे बुक' या राजदप्तरात सापडते. गुरामेंढ्यांचे लिलाव इथे आजही होतात.

डिसेंबरात चारच्या सुमारासच दिवस मावळतो आणि रस्त्यांवर दिव्यांच्या माळा लागतात. या भागात नाताळच्या सकाळी न्याहारीला पोर्क पाय, म्हणजे पिठाच्या पारीत डुकराचं मांस भरून भाजलेला पदार्थ, खायची जुनी रीत. त्यासाठी आदल्या दिवशी, पहाटेच्या गारठ्यात दुकानासमोर रांग लागते. हा पोर्क पाय साच्याशिवाय भाजतात, म्हणून त्याच्या कडा मडक्याच्या पोटासारख्या बाहेर येतात. आत चिरलेलं डुकराचं मांस, आणि वरच्या भोकातून ओतलेला, गार झाल्यावर थिजणारा हाडांचा रस.

नाताळच्या ताटातलं दुसरा मानकरी म्हणजे निळ्या शिरांचं स्टिल्टन चीज. या दोघांचं नातं जुनं आहे. चीज करताना उरलेली निवळी डुकरांना घालत. एका धंद्याच्या उरल्यासुरल्यावर दुसरा धंदा पोसला गेला.