माओरींचा मासळीचा वांटा

माओरी लोकांच्या गांवीं कोणी वारलें म्हणजे दूरदूरचे आप्तेष्ट मराएवर, म्हणजे कुळाच्या सभास्थानीं, जमतात. अंत्यविधि दोन-तीन दिवस चालतो, आणि आलेल्यांना समुद्राचें अन्न वाढणें हा यजमानांच्या इभ्रतीचा प्रश्न असतो. ज्या गांवची पाउआ नांवाच्या मोठ्या शिंपल्यांबद्दल ख्याति, तेथें पाउआ वाढला गेला नाहीं, तर तो कमीपणा साऱ्या कुळाला लागतो. वर्षाकाठीं समुद्रांतून किती मासळी काढावी हें ठरवितांना सरकारनें हें अन्न हिशेबांत कसें धरावें, हा न्यूझीलंडमधील प्रश्न वरवर आकड्यांचा दिसतो. मुळांत तो या पंक्तीचा आहे.

१८४० सालीं वाइतांगी येथें इंग्लंडची राणी व माओरी सरदार यांच्यामध्यें तह झाला. त्याच्या इंग्रजी मसुद्याच्या दुसऱ्या कलमांत जमिनी व वनें यांबरोबर मासेमारीही माओरींच्या निर्वेध ताब्यांत राहील, असें अभिवचन आहे. पुढें जवळजवळ दीडशें वर्षें तें बहुतांशीं कागदावरच राहिलें. १९८४ सालीं मोटुनाऊच्या किनाऱ्यावर टॉम ते वीही या माओरी गृहस्थानें तेथील कुळाच्या वडीलधाऱ्यांची परवानगी घेऊन ठरल्या मापाहून लहान पाउआ काढले. त्याच्यावर खटला झाला. परंतु माओरींचे मासेमारीचे हक्क १९८३ च्या कायद्यानेंच शाबूत ठेवले आहेत, असें म्हणून १९८६ सालीं उच्च न्यायालयानें त्याला मुक्त केलें. नवल असें कीं, त्याच वर्षीं सरकारनें मासेमारीचा कोटा ही विकतां-घेतां येणारी मालमत्ता करून टाकली. एकीकडे हक्क मान्य झाला, दुसरीकडे समुद्र इतरांच्या नांवें लागूं लागला. १९९२ च्या तडजोडींत व्यापारी हक्कांबद्दल माओरींना सीलॉर्ड कंपनीचा अर्धा हिस्सा घेण्यास पैसा व नव्या जातींच्या कोट्याचा पांचवा वांटा मिळाला. घरच्या व विधीच्या अन्नाचा प्रश्न मात्र निराळा काढून त्यासाठीं स्वतंत्र नियम करण्याचें ठरलें.

१९९६ च्या कायद्यानें मंत्र्याला एक क्रम घालून दिला आहे. एकंदर मर्यादा ठरल्यावर तींतून माओरींची परंपरागत मासेमारी, हौशी लोकांची मासेमारी व वायां जाणारी मासळी यांची तरतूद करावयाची, आणि मग उरेल तें व्यापाऱ्यांस. उत्तर बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरील स्नॅपर माशाचा २०१३ सालचा हिशेब पहा: एकंदर ८०५० टन, त्यांपैकीं हौशी लोकांस ३०५०, वायां जाणारे ४५०, व्यापाऱ्यांस ४५००, आणि माओरींच्या परंपरागत वांट्यास ५०. शेंकडा एकसुद्धां नव्हे!

तरी खरी अडचण आकडा लहान असण्यांत नाहीं. हा वांटा कोट्यासारखा कोणाच्या मालकीचा नसतो. तो एक अदमास असतो. कुळानें निवडलेला व सरकारनें मान्य केलेला काइतिआकी, म्हणजे राखणदार, कोणत्या प्रसंगासाठीं, कोठून, किती काढावें याची परवानगी देतो व नोंद ठेवतो. या मासळीची विक्री करतां येत नाहीं. आतां खडक रिते झाले, तर परवान्यावर हातीं लागणारी मासळीही घटेल, नोंदी कमी भरतील, आणि गरजच कमी झाली असा भलताच अर्थ निघण्याचा संभव आहे. रितें पान पाहून जेवणाऱ्याला भूक नव्हती असें म्हणण्यापैकींच तें! शिवाय एकेका साठ्याचें क्षेत्र फार विस्तीर्ण असतें, आणि मराएचें अन्न येतें तें ठराविक खडकांवरून. साऱ्या किनाऱ्याची बेरीज बरोबर आली, तरी त्या खडकांवर कांहीं उरलें असेल असें नाहीं.

म्हणून कायद्यानें दुसरी एक वाट ठेवली आहे, आणि आकड्यांपेक्षां तीच अधिक उपयोगाची वाटते. परंपरेनें महत्त्वाची असलेली जागा ‘माताइताइ’ म्हणून राखून घेतां येते. तेथें सामान्यतः व्यापारी मासेमारी बंद होते व राखणदाराला स्थानिक नियम सुचवितां येतात. ते शेजारच्या गोऱ्या रहिवाशांसही लागू पडतात. अशी पहिली जागा १९९८ सालीं लिटलटन बंदरांतील रापाकी येथें झाली. राहुई या जुन्या प्रथेस अनुसरून मंत्र्याकडून एखादा किनारा कांहीं काळ बंदही करवून घेतां येतो. मग तितके दिवस यजमान दुसऱ्या किनाऱ्याच्या कुळाकडे मासळी मागावयास जातात, किंवा पाहुण्यांपुढें ती न वाढतांच वेळ निभावतात.