हातात सुई, हातात फोन
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषणाचा मजकूर)

हप्ते जमा झाले, सह्या-अंगठे झाले. आता दहा मिनिटं मी पैशाचं काहीच बोलणार नाही. आवडीचं बोलणार आहे.

"काय करी ऱ्हायनी व माय फोनवर?" हे आपल्याला घरात कितीदा ऐकावं लागतं! पारावर बसून पुरुषाने फोन पाहिला तर तो बातम्या पाहतो, आणि आपण क्रोशाचा टाका पाहिला तर तो टाइमपास. मला हे पटत नाही. का, ते सांगते.

चेन्नईच्या सुभाश्री नटराजन यांनी फेसबुकवर क्रोशा विणणाऱ्या बायकांचा एक गट सुरू केला. नाव 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स'. बहुतेकजणी एकमेकींना कधी भेटलेल्या नव्हत्या. फोटो टाकायचा, विचारायचं, शिकायचं, एवढंच. मग त्यांनी मोठी चादर करायचं मनावर घेतलं. प्रत्येकीने आपापल्या घरी चौकोन विणले, ते चेन्नईत एकत्र करून जोडले. ३१ जानेवारी २०१६ ला त्या चादरीची गिनीज बुकात नोंद झाली: ११,१४८.५ चौरस मीटर. आपल्या भाषेत सांगायचं तर पावणेतीन एकर! कपाशीचं एवढं रान डोळ्यांसमोर आणा, आणि ते सगळं लोकरीनं झाकलंय असं समजा. हजारावर बायकांचे हात त्याला लागले होते.

मला विक्रमाचं फार कौतुक नाही. कौतुक आहे ते शिकण्याचं. क्रोशात एक टाका कमी पडला की कड आत ओढली जाते आणि कुठे चुकलं ते आपल्यालाच दिसत नाही. फोटो टाकला की दुसऱ्या गावची कोणी बाई टाके मोजून सांगते, "तिसऱ्या ओळीपर्यंत उसव, तिथे एक टाका सुटलाय." फी नाही, सर्टिफिकेट नाही. आणि महिनाभराने तीच शिकलेली बाई नव्या बाईला सांगायला लागते. सभेत तोंड न उघडणारी बाई तिथे मास्तरीण होते, हे मला मोठं वाटतं.

आपल्याला हे नवं नाही. आपल्या जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या ओव्या म्हणायच्या. त्या उतरवून घेतल्या म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या मागे, पुस्तक निघालं. जातं, ओटा, उन्हाळ्यात बिबडे-कुरडया करायला जमलेल्या आयाबाया, ही आपली शाळाच होती. पण यावलची लेक साक्रीला दिली, तिकडून कामासाठी सुरतला उधन्याला गेली, की तिची ती शाळा सुटते. एका खोलीत राहते, शेजारीण दुसऱ्या भाषेची. बिबड्याचं पीठ किती दिवस भिजवायचं हे विचारणार कोणाला? सासूला विचारायची भीती, आईला रोज फोन लावायची चोरी. अशा लेकीसाठी गोधडीचा, रांगोळीचा, खापरावरच्या मांड्यांचा एखादा व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे माहेरचा ओटाच.

लिहिता येत नाही म्हणून मागे राहू नका. माईकचं बटण दाबून आवाज पाठवा, अहिराणीत बोला. आजीबाईंच्या हातचे गोधडीचे टाके तर व्हिडिओत धरलेच पाहिजेत. त्या गेल्या की ते टाके कोणाला विचारणार?

एक माझं मत आहे, काहीजणींना आवडणार नाही. या ग्रुपवर विक्री नको. विक्रीचा ग्रुप वेगळा काढा. भाव आला की बाया नमुना लपवायला लागतात, मग शिकणं थांबतं.

आणि सावध राहा. अनोळखी माणूस ग्रुपमध्ये घुसून "घरबसल्या काम देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा" म्हणाला की काढून टाका. ओटीपी कोणालाच नाही, बँकेच्या माणसालाही नाही. पैसे गेलेच तर रडत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. फोटो वस्तूचा टाका, स्वतःचा टाकायची गरज नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन 'ग्रुप'मध्ये 'माझे संपर्क' निवडलं की भलताच माणूस तुम्हाला भलत्या ग्रुपात ओढू शकत नाही. सीआरपी ताई आज जेवणानंतर हे करून देतील.

पुढच्या सभेला प्रत्येकीने घरात अर्धवट पडलेलं एक काम आणायचं: गोधडी, तोरण, रुमाल, काहीही. आधी फोटो, मग चर्चा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी शेजारणीला सोबत घेऊन या. आणि फोन नवऱ्याच्या खिशात असेल, तर त्या दिवशी सकाळीच मागून ठेवा.