फेरफाराची नोंद



अध्यक्षपदाबद्दलच्या आभारप्रदर्शनात आपला वेळ न दवडता मी थेट विषयाकडे वळतो. मुक्तस्रोत प्रणालींच्या संहितेत कोणी, केव्हा, काय आणि कोणाच्या मंजुरीने बदलले, याचे सर्वांस खुले असलेले दप्तर आपण कशासाठी ठेवतो, हा तो विषय होय. श्रेयासाठी, असे उत्तर बहुतेकांच्या तोंडी असते. ते अपुरे आहे, इतकेच नव्हे तर त्याच्यापायी दप्तरच बिघडते, असे माझे मत झाले आहे. सातबाऱ्यावर जमिनीची आजची स्थिती दिसते, पण ती कोणत्या हक्काने तशी झाली हे पाहावयाचे तर फेरफार नोंदवहीच उघडावी लागते. संहितेचेही तसेच आहे.

नोव्हेंबर २००३ मधील एक हकीगत सांगतो. लिनक्स कर्नलचे अस्सल दप्तर त्या काळी बिटकीपरमध्ये असे, आणि ती मालकीहक्काची प्रणाली वापरणे ज्यांस रुचत नव्हते त्यांच्या सोयीसाठी त्याची एक नक्कल सीव्हीएस या मुक्त प्रणालीमध्ये ठेवलेली होती. त्या नकलेत कोणा अज्ञाताने दोन ओळी घुसडल्या. वरवर पाहता ती चुकीचे पर्याय देणाऱ्यास परत पाठविणारी साधी तपासणी होती. परंतु जेथे तुलनेसाठी दोन बरोबरचिन्हे हवीत तेथे एकच लिहिल्यामुळे, वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे काय असे विचारण्याऐवजी ती ओळ तो क्रमांक शून्य करून टाकी, म्हणजेच कोणाही ऐऱ्यागैऱ्यास यंत्राचे सर्वाधिकार बहाल करी. इतकी बेमालूम लबाडी नुसत्या वाचनाने सापडली असती असे मला वाटत नाही. नकलेतील प्रत्येक फेरफारापाशी अस्सल दप्तरातील मंजुरीचा हवाला असे आणि या एका फेरफारापाशी तो नव्हता, एवढ्यावरून ती सापडली. पंडिताच्या दृष्टीपेक्षा येथे कारकुनाची शिस्त कामास आली, हे आपल्यापैकी ज्यांना कमिटचा, म्हणजे फेरफाराच्या नोंदीचा, संदेश नीट लिहिण्याचा कंटाळा आहे (आणि त्यांची संख्या लहान नाही) त्यांनी ध्यानात घ्यावे.

त्याच वर्षी एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा लावून, आपल्या युनिक्समधील मालमत्ता लिनक्समध्ये घातली गेल्याचा आरोप केला होता. अमुक ओळ कोठून आली, हा प्रश्न त्यामुळे न्यायालयाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला; आणि २००४ साली कर्नलमध्ये ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची प्रथा सुरू झाली. ही संहिता देण्याचा मला अधिकार आहे, अशी हमी लेखक त्या ओळीने देतो, आणि पॅच, म्हणजे सुचविलेला फेरफार, ज्या ज्या व्यवस्थापकाच्या हातून पुढे जातो तो तो आपली सही खाली जोडतो. मानपत्राशी या प्रथेचा काही संबंध नाही. ती सरळ जामीनकी आहे. पुढे एप्रिल २००५ मध्ये लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट ही दप्तर-प्रणाली रचली, तीत लेखक आणि नोंदकर्ता यांचे रकानेही निराळे आहेत, आणि प्रत्येक नोंदीची खूण आधीच्या नोंदीच्या खुणेवर अवलंबून असल्यामुळे जुन्या पानावर खाडाखोड केली की पुढच्या सर्व खुणा बदलतात. तथापि ही मोहोर मजकुराची आहे, नावाची नाही. नावाच्या रकान्यात कोणीही काहीही लिहू शकतो. त्याची रुजुवात निराळ्या डिजिटल सहीनेच होते.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या संक्षेपण-प्रणालीतील चोरवाट उघडकीस आली, ती लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो याचा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने पिच्छा पुरविला म्हणून. विषारी मजकूर चाचणीच्या फायलींत दडवून संहितेच्या भांडारात ठेवलेला होता, पण त्याला जागे करणारा तुकडा मात्र वाटपाच्या टारबॉलमध्येच होता. दप्तरात एक आणि गाठोड्यात दुसरे, असा तो प्रकार. दप्तराने घात टळला नाही, हे कबूल केले पाहिजे. परंतु ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या इसमाने वर्षानुवर्षे निरुपद्रवी पॅच देऊन विश्वास कसा संपादन केला, याची संगती नंतर लावता आली ती त्या खुल्या नोंदींमुळेच.

असे हे साधन, आणि आपण त्याचे गुणपत्रक करून टाकले आहे. नोकरीच्या मुलाखतीत कमिटची संख्या विचारली जाऊ लागल्यावर शुद्धलेखनाच्या एकेका दुरुस्तीचे एकेक स्वतंत्र कमिट होणारच! उलट पक्षी, ज्याने आठवडाभर खपून दोष हुडकला त्याचे नाव, अनेक कमिटांचे एकत्रीकरण करताना, बेफिकिरीने गळून जाते. प्रणालींचे मराठीकरण करण्याच्या आपल्या कामात तर ही उणीव मला फार जाणवते. भाषांतराच्या पीओ फाइलीत ‘लास्ट-ट्रान्सलेटर’ या सदरात शेवटच्या भाषांतरकाराचेच नाव असते. आधीच्यांची नावे वरच्या टिप्पणीत राहतात, कोणी ठेवली तर. मेनूतील एखादी संज्ञा खटकली तर ती कोणी व कोणत्या विचाराने स्वीकारली हे कोणास विचारावे?

काहींना आपले नाव व ईमेल कायमचे उघड्यावर राहणे नकोसे वाटते, आणि ती हरकत रास्त आहे. लिनक्सनेही आता खऱ्या नावाचा आग्रह सोडून ओळखीचे नाव ग्राह्य धरले आहे. आपणही तेवढ्यावर संतुष्ट असावे.

दुपारच्या बैठकीपुढे ठरावाचा मसुदा यावयाचा आहे. दुसऱ्याचे भाषांतर वा पॅच भांडारात चढविणाऱ्याने लेखकाच्या रकान्यात मूळ कर्त्याचे व नोंदकर्त्याच्या रकान्यात स्वतःचे नाव घालावे, तपासणाऱ्याचे नाव निराळ्या ओळीत द्यावे, आणि नाकारलेल्या पॅचवर नकाराचे कारण एका वाक्यात तरी लिहावे, एवढे कलम त्यात समाविष्ट करावे, अशी सूचना मांडून मी आपली रजा घेतो.